आखणीचे पेढे

पहिल्याच भेटीत त्यानं मला विष देऊ केलं होतं. स्टीलच्या डबीतून, हसत. वर म्हणाला, "घ्या ना मॅडम, माझ्या हातचा आहे."

हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मी रंगवून सांगतेय. रंगवून सांगायची मला सवय आहे, नाही कशाला म्हणू? पण या गोष्टीतला रंग मी लावलेला नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत आला आणि तो पिवळा होता.

तेव्हा मी रोह्याला एका लॅबमध्ये होते. धाटावच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वर. आता तिथं जिम आहे. जिथं आमचा फ्रीज होता तिथं पोरं आरशासमोर दंड फुगवतात. माझ्या मनातल्या त्या खोलीत मात्र अजून स्पिरिटचा वास दरवळतो, एसी घरघरतो, आणि वासिफ सर त्याला टपली मारून गप्प करतात. वासिफ सर म्हणजे लॅबचे मालक, मॅनेजर आणि वेळ पडली तर मेकॅनिक. भाऊ दुबईला, त्याच्या मदतीनं लॅब उभी केलेली. खाण्याच्या वस्तू तपासायच्या हे आमचं काम. कंपन्यांच्या कँटीनमधलं जेवण, डेअरीचा खवा, कोलाडच्या हायवेवरच्या हॉटेलांचं पनीर... सगळं जग आमच्याकडे छोट्या छोट्या डब्यांतून यायचं.

आणि काउंटरवर बसून मी माणसं तपासायचे. नमुना आणणारा डबा कसा ठेवतो, एवढं पाहिलं की पुरे. आपटून ठेवणाऱ्याला दुसऱ्याचा माल खराब निघायला हवा असतो. हळूच ठेवणाऱ्याला स्वतःचा चांगला निघायला हवा असतो. त्यानं, म्हणजे ऋत्विकनं, डबा ठेवलाच नाही. थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन बाकड्यावर बसून राहिला, आजारी मूल दवाखान्यात आणल्यासारखा.

मे संपत आला होता. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. तो पेणहून गाडीनं आलेला; शर्ट पाठीला चिकटलेला, भुवयांत पांढरी धूळ, नखांत शाडूची माती. उजव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी, तीही मळलेली. मी ती पाहिली. मी पाहिलेलं काही विसरत नाही; हा गुण की खोड, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत.

त्यानं सांगितलं ते असं. पेणला हैबतराव म्हणून आहेत, त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात तो कामाला. आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि दोनेक तासांत कारखान्यातले निम्मे लोक ओकून ओकून आडवे झाले. संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले, पण तोवर हैबतरावांनी निकाल देऊन टाकला होता — मालूचं जेवण. मालूमावशी खानावळ चालवायची, आळीतल्या सगळ्या कारखान्यांना तिचेच डबे. रात्र पडायच्या आत शेजारच्या कारखान्यांनीही डबे बंद केले. मावशी चुलीपुढे नुसती बसून होती म्हणे, चूल न पेटवता. त्या दिवशीचं उरलेलं सगळं तिनं फ्रीजमध्ये ठेवलं होतं. तेच तो बर्फात घालून घेऊन आला होता. भात, आमटी, बटाट्याची भाजी.

"आई गेली तेव्हा मी चौथीत होतो," तो म्हणाला. "तेव्हापासून मावशीच्या डब्यावर आहे. तिच्या आमटीनं मरायचा असतो तर एव्हाना कधीच मेलो असतो."

"काल तुम्हाला काही झालं नाही?"

"मी जेवलोच नव्हतो. उपास होता. आखणी होती ना माझी."

माझा चेहरा कोरा पाहून तो खुलला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे. माती मळणारे, साचा भरणारे, रंग मारणारे कारखान्यात पुष्कळ असतात; डोळे एकाच्याच हाताला. वर्षातल्या पहिल्या मूर्तीचे डोळे ज्या दिवशी उघडायचे, त्या दिवशी आखणी करणाऱ्याला उपास. आणि आदल्या संध्याकाळी त्यानं खवा आणून स्वतः पेढे वळायचे, कारखान्यातल्या प्रत्येकासाठी. विकतचे चालत नाहीत. ज्या हातानं डोळे त्याच हातानं पेढे, ही हैबतरावांच्या वडिलांपासूनची रीत. कितीतरी वर्षं माती मळल्यावर यंदा पहिल्यांदा ब्रश ऋत्विककडे आला होता. हे सांगताना तो मांडीवरचा खोका विसरला. हवेत बोटानं एक डोळा काढून दाखवला... वरची रेघ, खालची रेघ, मग मधे टेकवलेला थेंब. मलाही क्षणभर वाटलं, कुणीतरी बघतंय आपल्याकडे.

मग त्यानं खिशातून ती डबी काढली. आत तीन पेढे. प्रत्येकावर नखानं एक बारीक रेघ ओढलेली, मिटल्या पापणीसारखी.

"मावशीच्या वाटणीचे. तिला शुगर आहे, खात नाही. फ्रीजमध्येच होते. म्हणाली, तिथं जे कोण असंल त्येला दे, काम लवकर करंल. घ्या ना मॅडम, माझ्या हातचा आहे."

"इथं खायला बंदी आहे," मी म्हटलं. "इथं जे येतं तो नमुना असतो."

"मग मी पण?"

"तुमची अजून नोंद केलेली नाही."

तो हसला. मी डबी घेतली आणि विचारलं, हे काल सगळ्यांनी खाल्ले का? तर म्हणाला, हो, जेवण झाल्यावर एकेकाच्या हातावर ठेवला. मी डबीवर नंबर घातला.

"पेढ्याचं कशाला तपासताय? ते मी केलेत."

"म्हणूनच."

त्याचे कान लाल झाले. त्याला ते वेगळंच वाटलं... आणि खरं सांगायचं तर निम्मं वेगळंच होतंही.

आमची तपासणी कशी असते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तळहाताएवढी एक प्लास्टिकची ताटली असते, तिच्यात वाटाणा मावेल एवढ्या वाट्या. त्या वाट्यांच्या तळाला प्रतिपिंडं बसवून ठेवलेली असतात, म्हणजे एकाच विषाला ओळखणारे पहारेकरी. अन्न वाटायचं, गाळायचं, त्याचं पाणी वाटीत सोडायचं. विष असेल तर पहारेकरी धरून ठेवतात. मग धुवायचं. मग दुसरं प्रतिपिंड सोडायचं. तेही त्याच विषाला धरतं, पण येताना रंग फुलवणारा पदार्थ अंगावर बांधून येतं. पुन्हा धुवायचं. या कामात खरी कसोटी धुण्याची. जे नुसतं रेंगाळलेलं असतं ते वाहून जातं, जे खरोखर धरलेलं असतं ते राहतं. शेवटी रंगाचं पाणी: विष असेल तर वाटी निळी होते, आणि आम्लाचा थेंब पडला की पिवळी. नसेल तर पाणी पाण्यासारखं.

जंतू शोधायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. जंतू उष्णतेनं मरतात आणि करून सवरून नामानिराळे होतात. मागे ठेवलेलं त्यांचं विष मात्र उकळलं तरी जात नाही. हे मी ऋत्विकला समजावून सांगितलं, कारण तो दोन दिवसांनी परत आला. मावशीचा चमचा राहिलाय म्हणाला. चमचा आलेलाच नव्हता. वासिफ सरांनी बिचाऱ्यांनी सगळी लॅब धुंडाळली, टेबलाखाली वाकून बघितलं. आणि आम्ही दोघं खिडकीशी उभे राहून प्रतिपिंडांविषयी बोलत होतो.

"म्हणजे तो निघून गेला तरी त्यानं केलेलं राहतं," ऋत्विक म्हणाला.

"हो. जंतूचं."

"मी जंतूचंच म्हणतोय."

तो गेल्यावर सर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "चमचा नव्हताच ना गो?" मी ताटली धुवायला घेतली.

त्या दिवशी रंग आला. भात, आमटी, भाजी — तिन्हींच्या वाट्या नितळ, काही घडलंच नाही अशा. आणि शेजारच्या पेढ्याच्या वाट्या आधी निळ्या, मग पिवळ्याजर्द. हळद सांडल्यासारख्या. मी सरांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं आणि म्हणाले, "दोनदा कर. एकदाच झालेल्या गोष्टीवर आपण सही नाय करत."

दुसऱ्यांदाही तेच. मला आश्चर्य वाटायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांपुढे ती मळकी चिकटपट्टी होती. हे विष करणारे जंतू माणसाच्या नाकात राहतात, कातडीवर राहतात, आणि पिकलेल्या जखमेत तर माहेरी आल्यासारखे राहतात. तसलं बोट खव्यात गेलं, पेढे रात्रभर कारखान्याच्या उकाड्यात पडून राहिले, आणि दुपारी त्याच हातानं... मावशीला सोडवायला निघालेला माणूस स्वतःलाच पकडून देणार होता. बर्फात घालून, गाडीत मांडीवर घेऊन आला होता तो स्वतःचा पुरावा.

निकाल फोनवर सांगता आला असता. मी म्हटलं, शनिवारी या.

"मावशी सुटली," मी आधी तेच सांगितलं, त्याचा चेहरा उजळलेला मला एकदा बघायचा होता म्हणून. मग ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि पिवळ्या वाट्या कशाच्या ते सांगितलं.

तो वाट्यांवर वाकला. रंगात वावरणारा माणूस. पहिल्यांदा रंगच बोलला. "हा पिवळा आम्ही पितांबराला लावतो."

मी बोट दाखवायला सांगितलं. पट्टी निघाली होती, खाली नवं गुलाबी कातडं. कोरणी लागली होती, म्हणाला. थोडं पिकलं होतं. पेढे वळले तेव्हा? त्यानं बोट मुठीत मिटून घेतलं.

"रिपोर्टात माझं नाव येतं?"

"रिपोर्टात पेढा येतो. विष खव्यातून आलं की हातातून, ते ही ताटली सांगत नाही."

मी खरं तेच सांगितलं. आणि सांगताना मला दिसलं, की त्याच्यासाठी एक दार मीच उघडून ठेवलंय. खवा बाजारातून आणला होता. खवेवाल्यावर बोट दाखवलं की झालं. मावशी मोकळी, ऋत्विक मोकळा, ब्रश हातात.

त्याच गाडीनं मीही पेणला निघाले. आईला पापड हवे होते. आईला पापड हवेत हे आईला ठाऊक नव्हतं, पण पेणला जायला रोह्याच्या माणसाला याहून चांगलं कारण नाही.

आम्ही समोरासमोर बसलो. नागोठणं गेलं. कासूला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे सिग्नल नव्हता. खारट वारा खिडकीतून येऊन त्याच्या कपाळावरचे केस उडवत होता. फलाटावर एक बाई करवंदांचे द्रोण घेऊन बसली होती. त्यानं उतरून एक द्रोण आणला, माझ्यापुढे धरला, मग एकदम मागे घेतला.

"नाही... माझा हात लागलाय."

मी त्याच्या हातातून द्रोण ओढून घेतला आणि एक करवंद तोंडात टाकलं. आंबट होतं. आजही करवंद खाल्लं की माझ्या कानात ती थांबलेली गाडी असते, ती शांतता.

"सांगितलं तर शेठ ब्रश काढून घेतील," तो म्हणाला. "नाही सांगितलं तरी मावशी सुटतेच. मग सांगायचं कशाला?"

"आणि खवेवाला?"

तो बाहेर बघायला लागला. "तुम्ही सांगा, काय करू."

"माझं काम वाटीत काय आहे ते सांगायचं. बोटाचं तुमचं तुम्ही बघा."

"फार कडक आहात."

"मी नाही, पद्धत कडक आहे."

तो जरासा हसला. मग खाली मान घालून, द्रोणाच्या पानाशी चाळा करत म्हणाला, "मी गप्प बसलो तर... तू बोलशील माझ्याशी परत?"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. ते त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मनात चटकन हिशेब मांडून पाहिला. हो म्हटलं तर हा गप्प बसेल. नाही म्हटलं तर माझ्यासाठी बोलेल. मला दोन्ही नको होतं. मला तो बोलायला हवा होता, पण स्वतःच्या पायांवर उभा राहून.

"गाडी सुटली," मी म्हटलं. आणि खरंच सुटली.

हैबतरावांच्या कारखान्यात शिरलं की आधी ओल्या मातीचा वास येतो, मग डोळे अंधाराला सरावतात, आणि मग कळतं की आपल्यासमोर पांढऱ्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत आणि त्यातल्या एकीलाही डोळे नाहीत. फक्त एक, कोपऱ्यात लाल कापडावर, सगळं बघत होती. ती ऋत्विकची.

मालूमावशीला बोलावणं गेलं. ती आली आणि दारातच उभी राहिली, पदर खोचलेला, हनुवटी वर. हैबतरावांनी रिपोर्ट वाचला. मग परत वाचला. माणूस मिशीवाला, आवाजाचा, पण वाईट नव्हे. "मालू, आमचं चुकलं," एवढं म्हणाले, आणि ते म्हणायला त्यांना जड गेलेलं मी पाहिलं. लगेच फोन उचलून खवेवाल्याचा नंबर शोधायला लागले. त्याला आता आळीत उभा करत नाही, असं त्या फोनलाच सांगत होते.

ऋत्विक माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. ते मला फार कठीण गेलं, पण नाही बघितलं.

"शेठ, फोन ठेवा," तो म्हणाला. "खवा चांगला होता. बोट माझं पिकलं होतं."

कुठंतरी पॉलिश पेपर घासत होता, तो थांबला. हैबतरावांच्या हातात फोन तसाच. हललीच कुणी तर मालूमावशी. ती तरातरा आली, त्याचा हात धरला, बोट उजेडाला नेऊन उलटसुलट पाहिलं.

"चवथीपासनं तुझं नाक पुसतंय," ती म्हणाली, "नि एवढं बोट नाय दाखवलंस मला?"

तिच्या नावाचं वाटोळं झालं होतं, आळीनं डबे बंद केले होते. आणि तिला राग आला तो याचा. ऋत्विकचा तोल गेला तो तिथं. ब्रश जायच्या भीतीनं न रडलेला माणूस तेवढ्यावर रडला.

मावशीनं त्याला पुरतं रडू दिलं. मग हैबतरावांकडे वळली. "उद्यापासनं डबा देईन. पर सांगायला तुमी सवता यायचं, मालक. मानूस नाय पाठवायचा." हैबतरावांनी मान हलवली. नंतर तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला. "नि तू कोण गो?"

"मी लॅबमधली."

"जेवलीस काय?"

हैबतराव उठले. ऋत्विकच्या खिशाला अडकवलेला तो बारीक ब्रश त्यांनी स्वतःच्या हातानं काढला, दोन बोटांत धरून पाहिला आणि आपल्या गल्ल्याच्या खणात ठेवला. "यंदा माती," म्हणाले. त्यांनी आणखी काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी घरी गेले तेव्हा आईनं पिशवी उघडून पाहिली. पापड नव्हते. मालूमावशीनं बांधून दिलेली वालाची उसळ होती. आईनं आधी उसळ हुंगली, मग मला नखशिखांत न्याहाळलं. मी कुणावर गेलेय ते त्या दिवशी कळलं.

त्या वर्षी गणपती येईपर्यंत ऋत्विकनं माती मळली. डोळे हैबतरावांनी स्वतः रेखले, थरथरत्या हातानं. आणि श्रावणात, पाऊस धाटावच्या रस्त्यावर आडवा पडत असताना, आमच्या जिन्यावर ओल्या चपला वाजायच्या. पिशवीत मालूमावशीचा डबा, वर भिजलेला ऋत्विक.

"मावशीनं तपासायला पाठवलंय."

"काय संशय आहे?"

"मीठ कमी आहे का, असा."

मी जिन्यात बसून तपासायचे. वासिफ सर वरून डोकावून विचारायचे, "निशिगंधा, ये नमुना हाय का नैवेद्य?" आणि आपली वाटी खाली पाठवायचे.

काय सुंदर होते ते दिवस... तेव्हा कळलं नाही, कारण तेव्हा मी त्याचे दोष टिपण्यात गुंतले होते. गाडीची वेळ विसरतो. बोलता बोलता भिंतीवर नखानं रेघा ओढतो. खोटं बोलता येत नाही आणि तरी प्रयत्न करतो. दुसऱ्या बाजूला काय मांडायचं, ते मी लांबणीवर टाकत होते. एकदा मी त्याला सहज म्हणून विचारलं, पुन्हा ब्रश मिळाला तर मूर्तीला कुणाचे डोळे काढशील? मुली हे असं विचारतात तेव्हा उत्तर ठरलेलं असतं. त्यानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुझे नाही. तुझे फार संशयी आहेत. लोक नवस बोलायला घाबरतील."

एवढं खरं माझ्या तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. मी त्या दिवशी त्याची सगळी कोशिंबीर खाऊन टाकली. त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला कळून चुकलं, की आता धुऊन काही उपयोग नाही. हे राहणार.

पण तो काही बोलेना. दिवाळी गेली, थंडी गेली. डबे येत राहिले, बोलणं डब्याभोवती फिरत राहिलं. मला पुण्याच्या मोठ्या लॅबमधून बोलावणं आलं; ते पत्र मी पर्समध्ये ठेवून हिंडत होते, कुणीतरी जाऊ नकोस म्हणेल म्हणून. कुणीतरी म्हणजे कोण, ते सरांनाही ठाऊक होतं. मग एप्रिलात ऋत्विक यायचाच बंद झाला. फोन केला तर म्हणायचा, काम आहे. मी मनातल्या मनात त्याचं खातं बंद केलं. आणि रोज संध्याकाळी पेणची गाडी आली की जिन्याकडे कान लावून बसले.

मे संपत आला. डांबर पुन्हा चपलेला चिकटायला लागलं. आणि एका दुपारी तो आला. थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला, पहिल्या दिवसासारखा. भुवयांत धूळ, नखं मात्र स्वच्छ, इतकी कापलेली की बोटं बिचारी नागवी दिसत होती. खिशाला ब्रश.

"शेठनी काल दिला," तो म्हणाला. "महिनाभर रोज संध्याकाळी कागदावर डोळे काढून घेत होते माझ्याकडून. ब्रश हातात येईपर्यंत तुला तोंड दाखवायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

"मला विचारून ठरवायचं होतंस."

"हो... ते आता कळतंय."

मी नोंदवही पुढे ओढली. "काय नमुना आहे?"

त्यानं खोका उघडला. बर्फावर खव्याचा गोळा, पांढराशुभ्र, अजून कुणाचा हात न लागलेला.

"उद्या आखणी आहे. पेढे आज वळायचेत. ज्या हातानं डोळे त्याच हातानं पेढे, रीत आहे. पण माझ्या हातचा पेढा घ्यायला कुणी तयार नाही. शेठ म्हणाले, मग घरच्या माणसाचा हात चालेल." तो थांबला. बाकड्याच्या कडेवर नखानं रेघ ओढायला गेला, पण नखच नव्हतं. "तू येशील? ग्लोव्ह्ज घालून वळलेस तरी चालेल. घालूनच वळ."

एसी घरघरत होता. खाली टायरवाला हवा भरत होता. मला अजून तो आवाज ऐकू येतो.

"उद्याच्यापुरतं काम आहे की..." मी म्हटलं, आणि पुढचं मला म्हणता येईना. मला. काउंटरवर बसून जगाची झाडाझडती घेणारीला.

"दरवर्षी," ऋत्विक म्हणाला.

मी खाली बघितलं. वहीत नमुन्याच्या नावापुढे मी नुसती रेघ ओढली होती. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या खोलीतून, ताटल्यांच्या खडखडाटातून, वासिफ सरांचा आवाज आला.

"दोनदा विचारून घे गो त्याला. एकदाच झालेल्या गोष्टीवर आपण सही नाय करत."

ऋत्विक उठला, काउंटरपाशी आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खोका माझ्या काउंटरवर ठेवला. अगदी हळू.

"दरवर्षी," तो पुन्हा म्हणाला.